वकिली पेढीची मालकी वकिलांकडेच राहावी

वकिली पेढी ही कंपनी नव्हे, हे भारतात नियमानेच ठरलेले आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांप्रमाणे फीमधला हिस्सा वकील नसलेल्या माणसाला देता येत नाही. दाव्याच्या निकालावर फी ठरवता येत नाही, आणि जाहिरातीलाही मनाई आहे. बाहेरच्या गुंतवणूकदाराने पेढीत पैसा घालून नफा उचलावा, याला इथे वावच नाही. ही बंदी जुनाट झाली, ती सैल करावी, असा सूर अधूनमधून निघतो. तो मान्य करण्याजोगा नाही.

ऑस्ट्रेलियात हा प्रयोग होऊन गेला आहे. स्लेटर अँड गॉर्डन ही पेढी २००७ मध्ये शेअर बाजारात उतरली. वकिली पेढीने असे करणे जगात प्रथमच घडत होते. आपले पहिले कर्तव्य न्यायालयाशी, मग अशिलाशी आणि शेवटी भागधारकांशी, असे तिने माहितीपत्रकात लिहून दिले होते. पण बाजाराला दरवर्षी वाढ लागते. २०१५ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा व्यवसाय विकत घेण्याच्या नादात पेढी कर्जात बुडाली, आणि २०१७ मध्ये तिची बहुतेक मालकी कर्ज देणाऱ्यांच्या हाती गेली. कागदावर तिसरा असलेला गुंतवणूकदार प्रत्यक्षात पहिला झाला.

भारतात मालकी वकिलांकडे असली, तरी मोठ्या पेढ्यांची राहणी कंपनीसारखी होत चालली आहे. तासाप्रमाणे बिल, वर्षाचे टार्गेट, किती काम आणले यावर भागीदाराचे वजन. अशा ठिकाणी ‘हे काम आपल्याला घेता येणार नाही’ असे म्हणणारा कनिष्ठ वकील अडचणीचा ठरतो. खरे तर वकिलीची परंपरा अशा नकारावरच उभी आहे.

या बदलाची झळ पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यापर्यंत पोचते. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी या धरणांच्या पाण्यालगतच्या जमिनींना पुण्यामुंबईचे गिऱ्हाईक आहे. घेणाऱ्या कंपनीची पेढी शहरातून हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसलेली, माहेरच्या सातबाऱ्यावरचे आपले नाव सोडायला आलेली बहीण त्यावर सही करते, अंगठा देते, फोटो काढून घेते. पानांवर बोट ठेवून ‘इथे, इथे’ असे सांगणारा काळा कोट तिला सगळ्यांचा वकील वाटतो. तो तिचा नसतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला भावाइतकाच हिस्सा आहे, हे तिला त्या बाकावर कोण सांगणार? जमिनीच्या मालकीच्या सर्च रिपोर्टमागे ठरलेल्या रकमेत तीस वर्षांच्या नोंदींचा शोध उरकायचा असेल, तर वारसनोंदीतून गळलेल्या आत्याबाईंपर्यंतही कोणी पोचत नाही.

ही नुसती कागदपत्रे, वकिली नव्हे, अशी पळवाट काढता येत नाही. परदेशी पेढ्यांच्या भारतातील संपर्क कार्यालयांविरुद्ध लॉयर्स कलेक्टिव्हने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये स्पष्ट केले, की कोर्टात उभे न राहता सल्ला देणे, दस्त तयार करणे हीसुद्धा वकिलीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच मत कायम केले. म्हणजे वकिलीचे नीतिनियम कचेरीतल्या त्या बाकालाही लागू आहेत.

ते तिथे प्रत्यक्षात पाळले जावेत, यासाठी दोन गोष्टी व्हायला हव्यात. फीमध्ये बिगरवकिलाला वाटा न देण्याचा नियम बार कौन्सिलने जसाच्या तसा राखावा. आणि प्रत्येक हक्कसोडपत्राच्या पहिल्या पानावर, मसुदा कोणत्या पक्षाच्या वकिलाने केला आणि बाकीच्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा, हे ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे. तो सल्ला महागही नाही: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मागता येतो.