जनपदोद्ध्वंस आणि न्यायालयाचे दार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनीच परीक्षेसाठी अभ्यासला आहे. कांपिल्य नगरीत गंगातीरी भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असूनही एका जनपदातील माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, कारण वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात. विकृत उदकाची लक्षणे तेथे गंध, वर्ण, रस व स्पर्श यांवरून दिली आहेत. जलचर पक्षी ते पाणी सोडून जातात, असेही म्हटले आहे. या सर्वांचे मूळ अधर्मात व प्रज्ञापराधात आहे आणि त्या अधर्माचा आरंभ देश-नगरांच्या प्रमुखांपासून होतो, हेही आचार्यांनी निःसंकोच सांगितले. परीक्षेनंतर मात्र हा अध्याय आपण क्वचितच उघडतो.

आज जनपदोद्ध्वंसाचा वाद न्यायालयात चालतो आणि तेथे केवळ लक्षण सांगून भागत नाही. पाण्याचा वर्ण बिघडला एवढे पुरत नाही. कशाने, किती मात्रेने व कोणाच्या कृत्याने, हे विचारले जाते. गावकऱ्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलापुढे प्रकल्पाचा शेकडो पानांचा पर्यावरणीय अहवाल येतो. तो प्रकल्पवाल्यांनीच पैसे देऊन लिहवून घेतलेला असतो. त्यातील रसायनशास्त्र वकिलास कळत नाही आणि तज्ज्ञ नेमण्याची गावाची ऐपत नसते. ही उणीव ओळखून १९८९ साली निरनिराळ्या देशांतील वकिलांनी ‘एन्व्हायर्न्मेंटल लॉ अलायन्स वर्ल्डवाइड’, म्हणजे ‘ईलॉ’, ही संघटना उभारली. तिचे कार्यालय अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, युजीन या गावी आहे. तेथील शास्त्रज्ञ व सहकारी खटला स्वतः चालवीत नाहीत. दूरदेशीच्या वकिलाने पाठविलेला अहवाल वाचून त्यातील दोष दाखवितात, इतर देशांतील निवाडे शोधून देतात. खाणप्रकल्पांचे अहवाल कसे तपासावेत याची मार्गदर्शिकाही त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. हे काम पडद्यामागचे असल्याने त्याचा गाजावाजा होत नाही.

परकीय मदतीविषयी ज्यांच्या मनात किंतु असेल त्यांनी बिच्छडीचे उदाहरण पाहावे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या या गावाजवळ रंगनिर्मितीसाठी लागणाऱ्या एच-ॲसिडचे उत्पादन सुरू झाले. उत्पादन अवघे ३७५ टन. विषारी गाळ मात्र सुमारे २,४०० टन. तो उघड्यावर टाकला गेला, पावसाने मुरला, विहिरींचे पाणी काळपट होऊन पिण्यास व शेतीस निरुपयोगी झाले. १९८९ मध्ये याचिका दाखल झाली. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेतील शास्त्रज्ञांनी माती व पाणी तपासून १९९४ मध्ये अहवाल दिला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ‘जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व लागू केले. तो अहवाल नसता तर ग्रामस्थांच्या व्यथेला न्यायालयात आधार तो कोणता? तरीही उद्योजकांनी अर्जांमागून अर्ज करून वेळ काढला. ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश २०११ च्या जुलैत झाला. याचिकेपासून बावीस वर्षे!

या साखळीत वैद्याचे स्थान कोणते? शास्त्रज्ञ गावी येतो तेव्हा पुष्कळदा अनर्थ घडून गेलेला असतो. त्याच्या आधी वर्षानुवर्षे तेथे बसलेला असतो तो वैद्य. त्वचाविकार, कास-श्वास वा अतिसाराचे रुग्ण एकाच वस्तीतून येऊ लागले, हे सर्वप्रथम त्यालाच दिसते. परंतु आपल्या रुग्णपत्रिका काय सांगतात? नाडी, जिव्हा, मल-मूत्र, योजना. रुग्ण कोणत्या विहिरीचे पाणी पितो, त्या घरात आणखी किती जण आजारी आहेत, लक्षण प्रथम कोणत्या तारखेस दिसले, हे बहुधा नसतेच. प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणे आपण मानतो. पण न लिहिलेले प्रत्यक्ष दुसऱ्याच्या अनुमानास उपयोगी पडत नाही. एका विहिरीवरच्या वीस घरांची तीन वर्षांची दिनांकित नोंद वकिलाच्या हाती आली, तर कोणते पाणी व कशासाठी तपासावे हे शास्त्रज्ञास कळेल. अशा नोंदीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. मात्र शोधाची दिशा ठरते. रुग्णाचे नाव त्याच्या संमतीवाचून बाहेर जाता कामा नये, हे सांगणे न लगे.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळले. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा हा कटाचा भाग ठरविला. शोधन-मारणाचा शास्त्रीय मुद्दा मांडणे योग्यच होते. परंतु प्रत्येक घाण्याची स्वतंत्र तपासणी करून आकडे पुढे ठेवण्याऐवजी आपण संतापच अधिक व्यक्त केला. स्वतःच्या कुपीतील शिसे मोजू न देणाऱ्याने कारखान्याच्या नाल्यातील शिसे मोजा म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय दूषित भूमीतील वनस्पती आपल्याच काढ्यात येतात. भूमीचे रस-वीर्य नष्ट होण्यापूर्वीच औषधी संग्रहित कराव्यात, असे आत्रेयांनी त्याच अध्यायात बजावले आहे.

सभासदांसाठी एक पानी नोंदपत्रक संघटनेने छापावे: वस्ती, पाण्याचा स्रोत, प्रथम लक्षणाचा दिनांक, घरातील बाधितांची संख्या, परिसरातील नवा उद्योग वा खाण. प्रत्येक जिल्हा शाखेने पर्यावरणविषयक खटले चालविणाऱ्या एका तरी वकिलाशी आणि जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांशी परिचय करून घ्यावा. पत्रकाचा कच्चा मसुदा कार्यवाहांकडे दिला असून त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.