पूल रेझोनन्सने पडला नाही!

मित्रहो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या. पण विषयच असा आहे की गप्प बसवत नाही.

टॅकोमा नॅरोज पुलाची ती फिल्म आपण बहुतेकांनी पाहिली आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला हा झुलता पूल १ जुलै १९४० ला सुरू झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० ला कोसळला. वारा होता ताशी सुमारे ६८ किलोमीटर. मधला गाळा ८५३ मीटर, रुंदी जेमतेम १२ मीटर आणि कडेचे गर्डर भरीव, फक्त २.४ मीटर उंच. म्हणजे पूल अगदीच लवचीक!

का पडला, असं विचारलं की आपण सगळे एका सुरात म्हणतो, "रेझोनन्स!" वाऱ्याची आणि पुलाची फ्रिक्वेन्सी जुळली, संपला विषय. मार्कही मिळतात. पण आकडे बघा. त्या वाऱ्यात पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची फ्रिक्वेन्सी सेकंदाला एकच्या आसपास येते. पूल मात्र पाच सेकंदांतून एकदा पिळवटत होता. मग जुळलं काय? बिल्ला आणि स्कॅनलन या दोघांनी १९९१ साली हे सविस्तर मांडलं, तरी आपलं उत्तर काही बदलत नाही.

खरा प्रकार फ्लटरचा. पूल जरासा पिळला की वारा त्याला वेगळ्या कोनात लागतो. त्यामुळे वाऱ्याचं बल बदलतं आणि ते बल पुलाला आणखी पिळतं. दर फेरीला पूल वाऱ्यातून थोडी ऊर्जा घेतो. ती डॅम्पिंगमध्ये खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त झाली की हेलकावे वाढतच जातात. इथे वाऱ्याला ताल धरायची गरजच नाही, तो एकसारखा वाहिला तरी पुरे.

"नुसत्या नावावरून एवढा वाद कशाला?" असं माझ्या रूममेटचं म्हणणं. पण निदान बदललं की औषध बदलतं ना! भोवऱ्यांचा रेझोनन्स असेल तर वारा वाढल्यावर फ्रिक्वेन्सी सरकते आणि हलणं कमी होऊ शकतं. फ्लटरमध्ये एक ठरावीक वेग ओलांडला की वारा वाढेल तसा धोकाही वाढतो. म्हणून तो वेग त्या जागी येऊ शकणाऱ्या वाऱ्यापेक्षा बराच वर ठेवावा लागतो. टॅकोमाचा १९५० चा नवा पूल म्हणूनच सुमारे १० मीटर खोल, उघड्या ट्रसचा केला. इंग्लंडमधल्या सेव्हर्न पुलाला १९६६ साली चपटा, वाऱ्याला वाट देणारा बॉक्स डेक दिला.

आपल्यातलेच काहीजण उद्या असे पूल डिझाइन करतील. म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. व्हायवात कोणी "रेझोनन्स" म्हणालं, तर लगेच मार्क देऊ नका. "दोन्ही फ्रिक्वेन्सी सांग" एवढंच विचारा. आणि आपण होस्टेलकरांनी झेरॉक्स नोट्स पाठ करण्याआधी एकदा कॅल्क्युलेटर हातात घ्यावा, बस्स!