डेंग्यूवर गप्पी मासे : पण नदीत कशाला?

पावसाळा आला की आरोग्य विभाग हौदांत, डबक्यांत गप्पी मासे सोडतो. हे मासे डासांच्या अळ्या खातात. मग कोल्हापुरात रंकाळ्यात, पंचगंगेतही ते सोडले तर काय बिघडलं?

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो, तेही साधारण महिन्याला. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवते. म्हणजे एकटी मादीही नव्या पाण्यात वंश वाढवू शकते. घाण पाण्यातही तो तगतो.

डेंग्यूचा एडिस डास मात्र नदीत नाही, घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, जुन्या टायरात वाढतो. नदीत गप्पी सोडून डेंग्यू थांबत नाही. उलट भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी सह्याद्रीतून पंचगंगेला येतात, आणि सह्याद्रीतले अनेक मासे जगात दुसरीकडे सापडत नाहीत. गप्पी त्यांची अंडी-पिल्लं खाऊ शकतो. एकदा पसरला की त्याला हटवणं जवळपास अशक्य.

म्हणून गप्पी हौदातच ठेवा. घरच्या काचपेटीतले मासे नकोसे झाले तरी तलावात सोडू नका. आणि आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात त्याची साखळी तुटते.