हिंगोलीच्या वर्गात छोटा लॅपटॉप: किती, कुणाकडे आणि कशासाठी?

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेसर किरण आणि दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याची व्यवस्था. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये या प्रकल्पासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचं नाव आता जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक झालं आहे. पण वेधशाळा सुरू होईल तेव्हा औंढ्याची, सेनगावची, कळमनुरीची मुलं तिथे कोणत्या कामावर असतील? त्याचं उत्तर आज जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीत बसलेल्या मुलांना काय मिळतं यावर ठरणार आहे.

या मुलांना छोटे, स्वस्त लॅपटॉप द्यावेत, ही सूचना त्यामुळेच मनापासून विचारात घ्यावी अशी आहे. ती नवीन मात्र नाही. महाराष्ट्राने हा प्रयोग सतरा-अठरा वर्षांपूर्वी करून पाहिला आहे.

2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. प्रत्येक मुलाला एक, असा त्यांचा आग्रह होता. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्ये नकार दिला. मुलांना वर्गखोल्या आणि शिक्षक आधी हवेत, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. तरीही पुढच्याच वर्षी, 2007 च्या अखेरीस, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यावर हे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले. शाळा एकशिक्षकी, वर्ग पहिली ते चौथी आणि सगळी मिळून वीस-बावीस मुलं.

ते यंत्र विचारपूर्वक घडवलेलं होतं. साडेसात इंचांचा पडदा भर उन्हातही वाचता यायचा, कळफलक रबरी पापुद्र्याखाली झाकलेला असल्याने धूळ-पाणी आत जात नसे आणि वीज फार थोडी लागायची. मुलं फोटो काढायची, गाणी ध्वनिमुद्रित करायची, चित्रं काढायची. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला याचा केवढा आधार, हे आपल्याकडच्या वाडी-तांड्यावरच्या कोणत्याही गुरुजींना वेगळं सांगायला नको. पहिलीचं वाचन घेताना तिसरी-चौथीच्या मुलांना गुंतवून ठेवील असं काम हाताशी असणं ही तिथली रोजची निकड असते.

पण शंभर डॉलरचा लॅपटॉप कधीच शंभर डॉलरला मिळाला नाही. किंमत 188 डॉलरच्या घरात गेली आणि भारतात ही योजना मोजक्या शाळांपलीकडे पसरली नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ टॅब्लेट आणला, तोही सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. बोटाला दाद न देणारा पडदा आणि लवकर उतरणारी बॅटरी यांमुळे त्याच्याबद्दलचा उत्साह वर्षभरातच ओसरला. किमतीचा आकडा आधी ठरवायचा आणि वर्गात काय घडावं याचा विचार नंतर करायचा, ही दोन्हीकडची चूक होती.

ही चूक सर्वांत मोठ्या प्रमाणावर पेरू देशात झाली. तिथल्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. 319 ग्रामीण शाळांचा काटेकोर अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांना लॅपटॉप मिळाले, तिथे दर मुलामागे एकाहून जास्त संगणक होते. तर्कशक्ती तपासणाऱ्या चाचण्यांत मुलं थोडी पुढे गेली, पण गणित आणि भाषेत काही फरक आढळला नाही. यंत्र आलं, शिकवण्याची पद्धत होती तशीच राहिली. उरुग्वेने त्याच सुमारास, 2007 मध्ये, वेगळी वाट धरली. लॅपटॉपबरोबर शाळांना इंटरनेट दिलं, दुरुस्ती आणि प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि पुढे इंग्रजीचे शिक्षक नसलेल्या वर्गांना पडद्यावरून शिक्षक मिळवून दिले. ती योजना आजही चालू आहे.

हिंगोलीने मात्र पेरू-उरुग्वेपेक्षा वडोदऱ्याकडे नीट पाहावं. पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह, ‘प्रथम’ या संस्थेच्या मदतीने, तिथल्या महापालिका शाळांत एक प्रयोग तपासला. चौथीची मुलं आठवड्याला फक्त दोन तास, एका संगणकावर दोघं बसून, गणिताचे खेळ खेळत. खेळ मुलाच्या पातळीप्रमाणे सोपे-अवघड होत आणि भाषा त्यांचीच, गुजराती. एका शाळेत संगणक जेमतेम चार होते. तरी पहिल्या वर्षी गणितात ठळक सुधारणा दिसली आणि दुसऱ्या वर्षी ती आणखी वाढली.

त्याच अभ्यासात मुंबई आणि वडोदऱ्याच्या ‘बालसखी’ही होत्या. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. तिचाही चांगला परिणाम दिसला आणि दर मुलामागचा खर्च संगणकाच्या मानाने कित्येक पटींनी कमी होता. लॅपटॉपची बाजू घेणाऱ्यांनी हा निष्कर्ष लपवू नये. उलट योजना आखताना तो पहिल्या पानावर लिहावा, कारण गावातली डीएड झालेली मुलगी आणि चार लॅपटॉप एकत्र आले तर त्यांची ताकद कितीतरी वाढेल.

यंत्राला माणसाची जोड लागते, हेच महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही सांगतो. माध्यमिक शाळांतल्या संगणक प्रयोगशाळा कंपन्यांकडे पाच वर्षांच्या कराराने दिल्या गेल्या. करार संपला, कंत्राटी संगणक शिक्षक घरी गेले, त्यांनी आझाद मैदानावर आंदोलनं केली आणि अनेक ठिकाणी खोलीला कुलूप लागलं. आत धूळ खात पडलेल्या संगणकांचा काही दोष नव्हता. पुढे ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आल्यावर, 2015 नंतर, मराठवाड्यातल्या गावांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही घेतले. पोटाला चिमटा काढून दिलेली ती वर्गणी होती. आणि मग वीजबिल थकलं म्हणून शाळेची जोडणी तोडल्याच्या बातम्या आल्या. गावाच्या पैशाचा याहून मोठा अपमान नाही.

तेव्हा हिंगोलीत प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप हा हट्ट नको. प्रत्येक शाळेला दहाच्या आसपास छोटे लॅपटॉप पुरेत. ते कुलपाच्या कपाटात नकोत, वर्गात असावेत. दोघा मुलांत एक, ठरलेल्या तासाला. बॅटरीवर पाच-सहा तास चालणाऱ्या यंत्रांना भारनियमनाची भीती टीव्हीपेक्षा कमी असते आणि छतावरचा एक सौर पॅनेल त्यांना पुरतो. इंटरनेट नसलं तरी काम अडत नाही. भूमितीला जिओजेब्रा, प्रोग्रॅमिंगला स्क्रॅच, आकाशदर्शनाला स्टेलेरियम ही सगळी साधनं फुकट आहेत आणि एकदा भरून घेतली की नेटविना चालतात. बालभारतीची पुस्तकं आणि अख्खा मराठी विकिपीडियाही तसाच साठवता येतो.

कशासाठी, याचं उत्तर तर जिल्ह्यातच पडलं आहे. हिंगोली आणि वसमतच्या बाजारातले हळदीचे भाव मुलांनी रोज तक्त्यात भरावेत आणि महिन्याने त्यांचा आलेख काढावा. सरासरी म्हणजे काय, हे हळद पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला त्याहून चांगलं कुठे कळणार? शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून त्याचे आकडे सिद्धेश्वर धरणाच्या पाणीसाठ्याशेजारी मांडावेत. लॅपटॉपच्या मायक्रोफोनसमोर टाळी वाजवली की पडद्यावर लहर उमटते. ती मोजायला, दोन लहरींतला फरक ओळखायला पाचवीतलं मूल शिकू शकतं. दुधाळ्यात मोजायच्या लहरी अतिसूक्ष्म आणि वेगळ्याच जातीच्या आहेत, पण गोंगाटातून खरी खूण वेगळी काढण्याची शिस्त दोन्हीकडे लागते. लायगोच्या शास्त्रज्ञांनी वर्षातून काही दिवस या शाळांत येऊन हे शिकवलं, तर त्यांच्या प्रकल्पाचं गावाशी नातं जोडणारा याहून सरळ उपक्रम सापडणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचा विचार वेगळा करावा लागेल. दिवाळीनंतर आईबाप पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात आणि मूल सोबत गेलं की त्याची शाळा बुडते. गावात थांबलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण तिथली संध्याकाळ लांब आणि रिकामी असते. शाळेचे तेच लॅपटॉप संध्याकाळी तिथे न्यावेत, सोबत बालसखीसारखी गावातली एक मुलगी मानधनावर असावी. वर्षाचे चार-पाच महिने मागे पडणाऱ्या मुलाला स्वतःच्या गतीने गणित शिकवणारं साधन सगळ्यांत आधी मिळायला हवं.

पैशाचा हिशेबही खरेदीच्या दिवशीच व्हावा. बॅटरी तीन-चार वर्षांत जाते, चार्जर त्याआधी जातो, कळा निघतात. खरेदीच्या रकमेचा ठरावीक हिस्सा दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला नाही, तर ती खरेदी करूच नये. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीचं काम दिलं, तर यंत्र पुण्याला पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागणार नाही. शिक्षकांचं प्रशिक्षणही एका दिवसाच्या कार्यशाळेने उरकू नये. केंद्रप्रमुखाने वर्षभर वर्गात येऊन पाहावं, अडेल तिथे हात द्यावा.

शिक्षण हक्क कायद्याने शाळेचा विकास आराखडा करण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर टाकली आहे आणि समितीत पालकांचं बहुमत असतं. हिंगोलीतल्या पालकांनी येत्या आराखड्यात लॅपटॉपची मागणी जरूर लिहावी. तिच्याच खाली वीजबिल कोण भरणार, दुरुस्तीचा पैसा कुठून येणार आणि मुलांबरोबर कोण बसणार, हेही लिहून घ्यावं. जिल्हा परिषदेने या तीन गोष्टींवर सही केल्याशिवाय एकही खोकं शाळेत उतरवून घेऊ नये.