चर्चमधल्या मैत्रिणी कुठे गेल्या?

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही पहिली मराठी कादंबरी म्हणून आम्ही वर्गात शिकवतो आणि ‘धर्मप्रचार’ असा शेरा मारून मोकळे होतो. वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे ऐकून घेणारी यमुना नजरेआड राहते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची गतही तीच. टिळक दांपत्याचा संसार तेवढा परीक्षेला येतो (विनोदासह, अर्थातच!), ख्रिस्ती वस्तीतल्या बायकांशी जुळलेले लक्ष्मीबाईंचे नाते कोणी विचारत नाही.

शीळफाट्याकडून येणारी आमची एखादी विद्यार्थिनी चर्चच्या महिला मंडळातल्या दोन मैत्रिणींवर कथा लिहू लागली, तर ‘विषय मर्यादित आहे’ असे आपण तिला सांगणार. वाड्यातल्या आणि चाळीतल्या मैत्रिणी मात्र आपोआप सार्वत्रिक! हे माप ठरवले कोणी?