पूर आल्यानंतरचे तारू

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या एका सभेत मी आफ्रिकेतील एका बेडकाविषयी बोललो. सभा संपल्यावर एक वयस्क, सुशिक्षित आणि धर्मकार्यात सदैव पुढे असणारे गृहस्थ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "फादर, तिकडे आफ्रिकेत पोरं उपाशी मरतात, घरात दिवा नाही, आणि तुम्ही बेडकाचं काय घेऊन बसलात? आधी माणूस, मग बेडूक!" भोवतालच्या चार जणांनी माना डोलावल्या. मी हसून वेळ मारून नेली. ती माझी चूक झाली. त्या चुकीची भरपाई म्हणून हे चार शब्द.

भुकेल्याचा घास आधी, हे मला कोणी पटवून द्यायला नको. आयुष्यभर वेदीवरून मी तेच सांगत आलो. माझी तक्रार निराळी आहे. 'माणूस की बेडूक' हा प्रश्न बहुधा फार उशिरा विचारला जातो. तो वेळेवर विचारण्याची जबाबदारी ज्यांची होती, तेच पुढे तो इतरांच्या तोंडावर फेकून मोकळे होतात. त्या दिवशी ज्या बेडकाविषयी मी बोललो, त्याची हकीकत हेच सांगते.

टांझानियात उद्झुंग्वा नावाची पुरातन पर्वतरांग आहे. तिच्या कड्यावरून किहान्सी ही नदी धबधब्यांच्या मालिकेतून किलोम्बेरोच्या खोऱ्याकडे कोसळते. कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार दरीच्या उतारांवर अहोरात्र पडत असत आणि त्यामुळे तेथील हिरवळ बारमाही ओली राहत असे. १९९६ साली शास्त्रज्ञांना या ओल्या हिरवळीत इंचभर लांबीचा, पिवळसर रंगाचा एक बेडूक आढळला. दार-एस-सलाम विद्यापीठाचे प्राध्यापक किम हॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले व त्याच्या लॅटिन नावातच तुषारांचा उल्लेख ठेवला. आपण त्याला किहान्सीचा तुषार-बेडूक म्हणू. हा बेडूक पाण्यात अंडी घालत नाही. त्याची पिले मातेच्या उदरातच पूर्ण वाढतात आणि मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी अशी, हातपाय असलेली जन्माला येतात. साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर त्याचे घर होते अवघे दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर.

बेडूक सापडला तेव्हा धरणाचे काम आधीच सुरू झाले होते. जागतिक बँक आणि युरोपातील काही देशांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा जलविद्युत प्रकल्प १८० मेगावॅटचा होता. सुमारे ८५० मीटर उंचीवरून पाणी बोगद्यात सोडायचे आणि खाली टर्बाइन फिरवायची, अशी त्याची रचना. २००० सालाच्या सुमारास तो पूर्णपणे चालू झाला. नदीचे सुमारे नव्वद टक्के पाणी बोगद्याकडे वळले, धबधबा क्षीण झाला, तुषार थांबले आणि हिरवळ सुकू लागली.

येथे आपल्या गृहस्थांची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. टांझानिया गरीब देश. विजेविना तेथील इस्पितळे, शाळा, गिरण्या कशा चालाव्यात? ज्या घरात रॉकेलच्या चिमणीपाशी मूल अभ्यास करते, त्या घराला बेडकासाठी अंधारात बसा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. आणि दिव्यांच्या झगमगाटात बसून धरण बंद करा म्हणणाऱ्या पाश्चात्त्य प्राणिमित्रांना तर तो मुळीच नाही. वीज हवी होती, आणि ती मिळाली याचा मला आनंद आहे.

परंतु वाचकहो, क्रम पाहा. प्रकल्पाचा निर्णय झाला, कर्ज मंजूर झाले, डोंगर फोडायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर त्या दरीत कोण राहते याची नीट पाहणी झाली. ती पाहणी दहा वर्षे आधी झाली असती, तर दरीसाठी किती पाणी सोडायचे हे आराखड्यातच ठरवता आले असते. वीजही मिळाली असती आणि बेडूकही आपल्या जागी राहिला असता. माणूस की बेडूक ही निवड देवाने टांझानियापुढे ठेवलेली नव्हती. घाईने आणि अज्ञानाने ती निर्माण केली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नेमके हेच दुखणे दाखवले आहे. पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा अभ्यास प्रकल्पाची आखणी उरकल्यावर करू नये, तो आरंभापासून तिच्यात असावा, असे त्यांचे सांगणे आहे. हे काही निसर्गवेड्याचे स्वप्न नव्हे, साध्या घरप्रपंचाचे शहाणपण आहे. विहीर खणून झाल्यावर पाणी कोठे आहे ते आपण विचारीत नाही.

आता उशिराची किंमत पाहू. सुकणाऱ्या हिरवळीवर नळ टाकून कृत्रिम तुषार उडवण्याची व्यवस्था करावी लागली. २००० सालाच्या अखेरीस ४९९ बेडूक पकडून विमानाने अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. पुढे ते इतर प्राणिसंग्रहालयांतही वाटले गेले. तेथे आजार आणि आहार यांच्या अडचणींनी ते मरू लागले आणि एका टप्प्याला त्यांची संख्या शंभराच्याही खाली उतरली. इकडे दरीत कृत्रिम तुषारांमुळे बेडूक सावरल्यासारखे दिसले. २००३च्या जूनमध्ये त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज होता. त्यानंतर काही आठवड्यांतच ते कोसळले. २००४च्या जानेवारीत तीन बेडूक दिसले आणि दोन नरांचा आवाज ऐकू आला. पुढे शोध घेणाऱ्यांची निराशाच झाली आणि २००९ साली हा बेडूक निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

हा घात कशाने झाला? मेलेल्या बेडकांच्या कातडीत कायट्रिड नावाची बुरशी सापडली. धरणातील गाळ सोडताना वरच्या शेतांतील कीटकनाशके दरीत आली असावीत, असेही काहींचे म्हणणे आहे. शास्त्रज्ञांत याविषयी एकमत नाही. परंतु आधीच घर मोडलेल्याला शेवटचा धक्का कोणी दिला, यावरून घर मोडणाऱ्याचा दोष कमी होत नाही.

"बेडकांना विमानाची तिकिटे आणि माणसांना भाकरी नाही!" असा उपहास तेव्हा अनेकांनी केला. त्यांना माझे उत्तर सरळ आहे. तो खर्च बेडकाने मागितला नव्हता. वेळेवर पाहणी न करण्याचा तो दंड होता. जागतिक बँकेलाच पुढे त्या दरीसाठी निराळा पर्यावरण प्रकल्प हाती घ्यावा लागला. आधीच्या चार ऋतूंची पाहणी थोडक्यात झाली असती. तिला नाक मुरडणारे आणि पुढच्या खर्चावर बोट ठेवणारे लोक पुष्कळदा एकच असतात.

दुसरा एक आक्षेप असतो. एका दरीतल्या एका बेडकाचे काय एवढे? प्रश्न एका बेडकाचा असता तर मीही कदाचित गप्प बसलो असतो. २०२३ साली जगातील सुमारे आठ हजार उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील दर पाच जातींपैकी दोन धोक्यात आहेत. पक्षी वा सस्तन प्राणी यांची स्थितीही इतकी बिकट नाही. कायट्रिड बुरशीने पाचशेहून अधिक उभयचर जातींना क्षीण केले आणि त्यांतील नव्वद बहुधा कायमच्या गेल्या, असा अंदाज २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडला. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, पाणीही कातडीनेच शोषतो. ही बुरशी नेमकी त्या कातडीवरच बसते.

या बुरशीच्या निमित्ताने आफ्रिकेवर एक आळही आला होता. केपटाऊनमध्ये १९३०च्या दशकात असे आढळले की गर्भवती स्त्रीच्या मूत्राचा अंश तेथील नखवाल्या बेडकाच्या मादीला टोचला असता ती काही तासांतच अंडी घालते. मग गर्भचाचणीसाठी हे बेडूक हजारोंनी जगभर पाठवले गेले. आपल्या आज्यांच्या पिढीतील कितीतरी स्त्रियांना मातृत्वाची पहिली वार्ता या मुक्या प्राण्याने दिली. पुढे त्यांच्यापैकी १९३८ साली जतन केलेल्या एका बेडकात हीच बुरशी सापडली आणि रोग आफ्रिकेतून निघाला असे २००४ साली मांडले गेले. २०१८ साली जनुकीय अभ्यासाने बोट दुसरीकडे, पूर्व आशियाकडे दाखवले. रोगाला देशोदेशी नेले ते माणसाच्या व्यापाराने. आफ्रिकेच्या बेडकांना मात्र त्याने सोडले नाही. संग्रहालयांतील आणि रानातील सोळा हजारांहून अधिक आफ्रिकी उभयचरांची तपासणी करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्या खंडात ही बुरशी २००० सालानंतर झपाट्याने वाढली आहे. आधी कोणी फारसे पाहिले नव्हते, म्हणून आफ्रिका सुरक्षित वाटत होती. न पाहणे आणि नसणे यांतला फरक कळायला संशोधन लागते. म्हणूनच मी संशोधनाला श्रीमंतांची चैन मानीत नाही.

आणि हे संशोधन त्या मातीतल्या माणसांच्या हाती असले पाहिजे, असेही माझे आग्रहाचे सांगणे आहे. किहान्सीचे बेडूक दहा वर्षे परदेशी काचेत राहिले, कारण मायदेशी त्यांना सांभाळण्याची सोयच नव्हती. २०१० साली शंभर बेडूक दार-एस-सलाम विद्यापीठात परतले. तेथे टांझानियाच्या लोकांनी त्यांची निगा राखली आणि २०१२ साली दोन हजारांवर बेडूक पुन्हा दरीत सोडण्यात आले. निसर्गातून नष्ट झालेला उभयचर असा स्वगृही नेण्याचा हा जगातील पहिलाच प्रयत्न मानला जातो. कौतुक अवश्य करावे. परंतु २०१५च्या लेखाजोख्यातही त्याची नोंद 'निसर्गातून नामशेष' अशीच राहिली, हेही विसरू नये. घर मोडणे एका दिवसाचे काम, संसार पुन्हा मांडणे पिढ्यांचे. घानातील संशोधक केलेब ओफोरी-बोआतेंग यांनी तोगोच्या निसरड्या बेडकासाठी गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम उभारले. हा बेडूक तेथे खाल्ला जात असे. खाणारे हातच राखणारे झाले, तर माणूस विरुद्ध बेडूक हे भांडण उरते कोठे?

गिनी, आयव्हरी कोस्ट आणि लायबेरिया यांच्या सीमेवर निम्बा पर्वत आहे. त्याच्या उंच गवताळ माथ्यांवर एक बेडूक राहतो. त्याची मादी नऊ महिने पिलांना उदरात पोसते आणि जन्म देते. नऊ महिने! त्याच पर्वतात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. लायबेरियाच्या बाजूचा डोंगर खाणीने पूर्वीच पोखरला. उरलेला भाग १९८०च्या दशकारंभी जागतिक वारसा ठरला आणि १९९२ पासून धोक्यातील वारशांच्या यादीत आहे. येथे तर अज्ञानाची सबबही चालणार नाही. या बेडकाचा अभ्यास १९४०च्या दशकापासून होत आला आहे. उद्या खाणीचा शब्द अंतिम ठरला आणि कोणी 'आधी माणूस, मग बेडूक' म्हणाला, तर त्याला विचारले पाहिजे, "बाबा रे, इतकी वर्षे तू कोठे होतास? आणि या लोखंडातला किती वाटा डोंगराखालच्या माणसाच्या घरात जाणार आहे?" माझ्या अनुभवात, बेडकाविरुद्ध ज्या गरिबाचे नाव घेतले जाते, त्या गरिबाला नफ्याच्या वाटणीत सहसा कोणी बोलावीत नाही.

उभयचरांना प्राणिसंग्रहालयांत सांभाळण्याच्या जागतिक प्रयत्नाला 'ॲम्फिबियन आर्क', म्हणजे उभयचरांचे तारू, असे नाव दिलेले आहे. नाव सुरेख आहे, पण पवित्र शास्त्रातील कथा नीट आठवा. नोहाने तारू बांधले ते आभाळ कोरडे असताना. शेजाऱ्यांना तो त्या दिवसांत वेडाच वाटला असेल. पाऊस सुरू झाल्यावर त्याने लाकडे तोडायला घेतली असती, तर कोणी वाचले असते का? आणि त्या तारवात माणूस व प्राणी एकाच छपराखाली होते. आधी कोण आणि मग कोण, असा वाद तेथे झाल्याचे मी वाचलेले नाही.

म्हणून त्या गृहस्थांना मी आता उत्तर देतो. काका, माणूस आधी, हे मला मान्य आहे. माणूस आधी, म्हणूनच आधी पाहण्याची, आधी विचारण्याची, आधी थांबण्याची जबाबदारीही माणसाची. ती बेडकाला घेता येत नाही. किहान्सीच्या दरीत ती कोणी वेळेवर घेतली नाही. निम्बाच्या माथ्यावर अजून वेळ आहे.