सोळा ते अठरा

पिंपरी-चिंचवडमधल्या रिक्षाचालकांना ही बातमी आता तोंडपाठ झाली आहे. रात्री दीड-दोनच्या सुमारास दुचाक्यांवरून पाच-सहा जण वस्तीत शिरतात, कोयते नाचवत शिवीगाळ करतात आणि रस्त्याकडेला लावलेल्या रिक्षा, टेम्पो, मोटारींच्या काचा फोडून निघून जातात. ज्याच्यावर राग, तो पुष्कळदा त्या गल्लीत राहतही नसतो. सकाळी एखादा चालक हप्ते न फिटलेल्या रिक्षातून काचा वेचत असतो. त्या दिवसाची कमाई बुडालेली असते आणि नव्या काचेचा खर्च अंगावर पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात: दहशत माजवण्यासाठी वाहनांची तोडफोड, तिघांना अटक, दोन विधिसंघर्षग्रस्त बालके ताब्यात.

यंदाचा दिवाळी अंक या शेवटच्या दोघांसाठी आहे. त्यांचे नाव छापायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. पण नाव छापायचे नाही म्हणून चौकशीही करायची नाही, असा जणू शहराने समज करून घेतला आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. त्यांतली ४,४०६ महाराष्ट्रातली होती आणि राज्यांच्या यादीत हा आकडा सर्वांत मोठा होता. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी पाचात जवळपास चार जण सोळा ते अठरा या वयातले होते. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला या वयाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दहावीला गणित-इंग्रजी राहिले की पोराची शाळा सुटते. कंपनीच्या गेटवर ठेकेदाराचा माणूस आधार कार्डावरची जन्मतारीख पाहतो आणि अठरा पूर्ण नसतील तर परत पाठवतो. किशोरवयीन मुलांना अटी घालून कामावर घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती भानगड कुठलाच ठेकेदार अंगावर घेत नाही. मग दोन-अडीच वर्षे पोरगा ना शाळेत असतो, ना कामावर. आईवडील दोन वेगवेगळ्या शिफ्टमध्ये. चाळीतली खोली दहा बाय बाराची. पोरगा दिवसभर कोपऱ्यावरच्या टपरीशी उभा असतो, आणि तिथे त्याला नावाने हाक मारणारा एकच माणूस असतो. सगळे त्याला भाई म्हणतात.

भाई काय देतो? आधी चहा-वडापाव, मग फिरवायला गाडी, मग रीलमध्ये जागा. वाढदिवसाला कोयत्याने केक कापला जातो, चौकात फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सच्या तळाशी टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत पोराचा फोटो येतो. दहावीत गेलेल्या दोन विषयांमुळे शहराने ज्याला मोजलेच नाही, त्याचे तोंड पहिल्यांदा चार लोकांना दिसते. पुढे भांडणाचा ‘मॅटर’ होतो, दबा धरून कुणाची ‘फिल्डिंग’ लावायची असते, आणि भाई त्यालाच पुढे करतो. अठराच्या आतल्याला फार काही होत नाही, हे भाईला वकिलाइतकेच ठाऊक असते.

या शहराचा इतिहास कारखान्यांनी लिहिला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, मग टेल्को, बजाज, आणि पुढे चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर होती, आणि त्याआधीच्या दहा वर्षांत तिच्यात सात लाखांची भर पडली होती. पोलिसांची व्यवस्था मात्र मागे राहिली. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागले, बसगाड्या पेटल्या, तेव्हा देशातल्या बड्या वाहन कंपन्यांचा हा परिसर ग्रामीण पोलिसांच्या एका ठाण्याकडे होता. त्यानंतर पंधरवड्याने, १५ ऑगस्ट २०१८ ला, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय सुरू झाले. पुणे शहर आणि पुणे ग्रामीणमधली ठाणी जोडून ते उभे राहिले. चिंचवडच्या प्रेमलोक पार्कमध्ये महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत त्याचा कारभार चालू लागला.

तेव्हापासून गुन्हेगारी रोखण्यासाठी जे झाले त्यात कठोरपणाची कमतरता नव्हती. मोक्का लावला गेला, झोपडपट्टी दादांसाठीच्या १९८१ च्या कायद्याखाली स्थानबद्धता झाली, तडीपारीचे आदेश निघाले. भंगाराचे, मजुरांचे, पाण्याच्या टँकरचे ठेके धमकावून मिळवणाऱ्या टोळ्यांशी लढायचे तर ही हत्यारे लागतातच. खंडणीखोराला समुपदेशन द्या, असे या अंकात कुणी म्हटलेले नाही. प्रश्न त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोराचा आहे, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे एकच औषध वापरले जाते: धाक. सराईत गुंडाची त्याच्याच वस्तीतून धिंड निघते, तो कान धरून माफी मागतो, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो. लोकांना बरे वाटते. त्या टपरीवरचा पोरगाही तो व्हिडिओ पाहतो, पण त्याला त्यात काय दिसते हे आपण त्याला कधी विचारलेले नाही.

धाकाची परीक्षा इतरत्र झालेली आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात वाट चुकलेल्या पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभे करत, कैदी त्यांच्यावर ओरडत, तुरुंगात काय हाल होतात ते सांगत. १९७८ मध्ये त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळाले आणि गावोगावी तसे कार्यक्रम सुरू झाले. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा नऊ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. कार्यक्रमाला नेलेल्या मुलांनी न नेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले होते. धाक नुसता वाया गेला नव्हता, त्याने नुकसान केले होते.

हे श्रीमंत देशाचे झाले. आपल्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या लायबेरियात, दोन यादवी युद्धांनी उद्ध्वस्त झालेल्या मनरोव्हिया शहरात, ख्रिस ब्लॅटमन आणि सहकाऱ्यांनी चोऱ्या, हाणामाऱ्या, अमली पदार्थांची विक्री करणारे ९९९ तरुण निवडले. काहींना आठ आठवडे गटात बसवून राग आवरणे, पुढचा विचार करणे, नीटनेटके राहणे, दुकानदाराशी सरळ बोलणे याचा सराव दिला. शिकवणाऱ्यांत त्याच जगातून बाहेर पडलेले लोक होते. काहींना दोनशे डॉलर रोख दिले, काहींना दोन्ही दिले, काहींना काहीच नाही. नुसत्या वर्गाचा परिणाम वर्षभरात ओसरू लागला, नुसते पैसेही टिकले नाहीत. दोन्ही मिळालेल्यांमधले गुन्हे मात्र दहा वर्षांनंतरही निम्म्याच्या आसपास कमी होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेला हा खर्च जड नाही.

आपल्या देशात पोलीस खात्याने स्वतःला तपासून घेतल्याचे उदाहरण राजस्थानात आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्या राज्यातल्या पोलीस अधिकारी नीना सिंह यांनी सहकाऱ्यांबरोबर दीडशेहून अधिक ठाण्यांमध्ये प्रयोग केले. पोलिसांना प्रशिक्षण मिळाले तेव्हा तक्रारदारांचे समाधान वाढले, आणि सतत होणाऱ्या बदल्या थांबवल्याचाही उपयोग झाला. साप्ताहिक सुट्टी आणि गावकऱ्यांनी ठाण्यात येऊन बसणे या दोन कल्पना मात्र नीट अमलातच आल्या नाहीत. अपयशही मोजून छापले, ही त्या कामातली सर्वांत घेण्यासारखी गोष्ट. पुण्यातही अशी परंपरा होती. १९४७ साली डेक्कन कॉलेजने जी. एन. रतनशॉ यांचा पुण्यातील बालगुन्हेगारी आणि निराधारपणा यांवरचा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला होता. त्याच जिल्ह्यातल्या आजच्या पट्ट्यात पकडलेल्या पोरांचे पाच वर्षांनी काय झाले, याचा पाठपुरावा कुणीतरी वर्षानुवर्षे करायला हवा.

कायदा मात्र धाकावर उभा नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा, आणि प्रत्येक शहरात विशेष बाल पोलीस पथक हवे, ज्यात दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक स्त्री. पोराला कोठडीत ठेवायचे नाही, बेड्या घालायच्या नाहीत, साध्या वेशात त्याच्याशी बोलायचे, पालकांना कळवायचे आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे. नियमांत एक छापील नमुना आहे, त्याला सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल म्हणतात. शाळा का सोडली? मित्र कोण? व्यसन कोणते? कमाई असेल तर जाते कुठे? आणि एक रकाना असा आहे: मुलाचा वापर एखाद्या टोळीने किंवा प्रौढांनी केला आहे काय?

हा रकाना म्हणजे सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. तो मन लावून भरला तर पुढचा रस्ता थेट भाईच्या घरी जातो. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ ने किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा ठेवली आहे. तोडफोडीच्या प्रत्येक गुन्ह्यात ‘कोयता कुणी दिला’ हा प्रश्न टोकापर्यंत नेला आणि ही कलमे लावली, तर भाईचा हिशेब बिघडेल. पोरगा स्वस्त आहे म्हणून तर तो वापरला जातो. पण हा रकाना भरायला वेळ लागतो, आणि बंदोबस्त, पालखी, निवडणूक, वाहतूक सांभाळून उरलेल्या वेळात हे काम होत नसते. त्यासाठी वेगळा माणूस लागतो आणि तो दोन-तीन वर्षे त्याच ठाण्यात राहावा लागतो.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा सगळा देश संतापला. संताप रास्त होता. त्यातून वय कमी करा, सगळ्यांना प्रौढ समजा, ही मागणी पुढे आली. तिचा फटका बसेल तो टपरीवरच्या पोराला. पोर्शे प्रकरणात झाल्याचा आरोप आहे तसे त्याच्यासाठी रक्ताचे नमुने बदलायला कुणी धावत नाही, आणि भारी वकीलही उभा राहत नाही.

एक भीती अभ्यासकांविषयीही आहे. गुन्हे कुठे होतात याचे नकाशे काढताना वस्त्यांवर शिक्के बसतात. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याचा प्रयोग या देशाने १८७१ च्या कायद्याने करून पाहिला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द होईपर्यंत पारध्यांसारख्या जमातींच्या पिढ्या त्यात होरपळल्या. त्याच पारध्यांची मुले आज चिंचवडला गिरीश प्रभुणे यांच्या गुरुकुलम् मध्ये शिकतात, हाताने कामे करतात, अंगच्या कलांवर उभी राहतात. प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आयुक्तालयापासून गुरुकुलम् काही फार दूर नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांच्या पायाशी फुटबॉल दिला. अशा कामांना पोलीस ठाण्याशी जोडणारा दुवा या पट्ट्यात हवा आहे. पोरगा पहिल्यांदा ठाण्यात येतो, त्या दिवशी त्याच्यासमोर भाईशिवाय दुसरा कुणीतरी उभा असला पाहिजे.

कंपन्यांनाही यात काम आहे. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीचा दाखला मागितला जातो आणि जुने प्रकरण निघाले की दार बंद होते. बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ स्पष्ट सांगते की लहानपणीच्या अशा प्रकरणामुळे पुढे अपात्रता येत नाही. गंभीर गुन्ह्यात प्रौढ ठरवून चालवलेले खटले तेवढे याला अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या बाबतीत हेच धरले. सुरक्षा दलात जे चालते ते चाकणच्या जुळणी विभागात चालायला हरकत नसावी. सामाजिक दायित्वाच्या निधीतून बाकांवर नावे रंगवण्यापेक्षा दहावी नापास मुलांना सोळाव्या वर्षी विद्यावेतनासह प्रशिक्षणात घेतले, तर ती दोन मोकळी वर्षे भरून निघतील. महापालिकेचे मोरवाडीचे औद्योगिक प्रशिक्षण केंद्र आहेच, तिथल्या तुकड्या वाढवता येतील.

या अंकात वस्तीतले शिक्षक आहेत, परिवीक्षा अधिकारी आहेत, निवृत्त पोलीस आहेत, आणि एकेकाळी मंडळापुढे उभी राहिलेली, आज नोकरी करणारी माणसे नाव न सांगता बोलली आहेत. त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, ती तशीच ठेवली आहेत.

वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा देताना एक विनंती आहे. फराळाच्या निमित्ताने फिरणे होईलच, तेव्हा आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात डोकावावे आणि इथले बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे विचारावे. त्यांचे नाव आणि संपर्क क्रमांक दर्शनी भागात लावलेला असला पाहिजे. लावलेला नसेल तर ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना तसे लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.